बी.एस्सी.च्या वर्गात अडलेले त्रैराशिक

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला जी कामे हाती येतात, त्यांत ऑक्झॅलिक ॲसिडचे द्रावण तयार करणे हे एक. २५० मिलिलिटर, ०.१ नॉर्मल. ॲसिडचे इक्विव्हॅलंट वेट ६३. म्हणजे एक नॉर्मल द्रावणाच्या लिटरभराला ६३ ग्रॅम, ०.१ नॉर्मल असेल तर ६.३ ग्रॅम आणि पाव लिटरच हवे असेल तर १.५७५ ग्रॅम. यात रसायनशास्त्र जवळजवळ नाहीच, शाळेत शिकवलेले त्रैराशिक आहे. ब्युरेट कशी धरायची, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकल्यावर फिक्की गुलाबी छटा टिकली की नळ बंद करायचा, हे सगळे ज्याला नीट जमते अशा मुलाच्या वहीतही १.५७५ हा आकडा पुष्कळदा शेजारच्या वहीतून उतरलेला असतो. पुढे पीएच येतो आणि लॉगॅरिदमवर अडते. रासायनिक अभिक्रियेचा वेग येतो आणि आलेखाच्या उतारावर अडते. त्यात प्रश्नपत्रिका इंग्रजीत. ‘कॅल्क्युलेट’ आणि ‘डिड्यूस’ यांत परीक्षकाला काय वेगळे हवे आहे, हे त्याला कुणी कधी सांगितलेले नसते. हिवाळी परीक्षेच्या निकालात मात्र एवढीच नोंद होते की हा विद्यार्थी रसायनशास्त्रात नापास. बॅक लागला. तो रसायनशास्त्राच्या अलीकडेच, दोन-तीन ठरावीक आणि सहज दाखवता येण्याजोग्या जागी अडला होता, हे त्या गुणपत्रिकेत कुठेच उमटत नाही. उन्हाळी परीक्षेला तो त्याच पेपराला पुन्हा बसतो आणि मधल्या काळात त्याला त्रैराशिक कुणीच शिकवलेले नसते.

हा विद्यार्थी ज्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा, ते १९२३ साली स्थापन झाले. आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. काटोल, उमरेड, रामटेक, सावनेरहून एसटीने येणारी मुले आणि शहरातल्याच पारडी-दिघोरीकडून येणारी मुले यांच्यात एक गोष्ट समान असते. बारावी पास होणे त्यांना फार अवघड गेलेले नसते. २०२४ मध्ये बारावीचा राज्याचा निकाल ९३.३७ टक्के होता आणि नागपूर विभागाचा ९२.१२, २०२५ मध्ये राज्याचा ९१.८८ आणि नागपूरचा ९०.५२. विज्ञान शाखेत भौतिक-रसायनची लेखी परीक्षा ७० गुणांची, प्रॅक्टिकल ३० चे आणि उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ३५ लागतात. प्रॅक्टिकलचे गुण कसे पडतात हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. दुसऱ्या टोकाला ‘असर’चा २०२३ चा अहवाल आहे. देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची ती पाहणी. त्यांतल्या सुमारे एक-चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जमले ते ४३.३ टक्क्यांना. हे आकडे नागपूरचे नाहीत आणि त्यातली सगळी मुले काही कॉलेजात जाणार नाहीत. पण याच वयातली मुले कॉलेजच्या दारात येतात आणि महाराष्ट्रात ती मोठ्या संख्येने येतात. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत उच्च शिक्षणातले एकूण नोंदणी प्रमाण देशात २८.४ होते, राज्यात ३५.३. दार रुंद झाले हे चांगलेच झाले. आत आल्यावर त्यांचे काय होते, एवढाच इथला प्रश्न आहे.

असा प्रश्न विचारला की प्रत्येक कॉलेजात एक उत्तर तयार असते : आमच्याकडे रेमेडियल वर्ग आहेत. ते असतातही. विद्यापीठ अनुदान आयोगाने अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी रेमेडियल कोचिंगची योजना पंचवार्षिक योजनांतून चालवली. बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ मध्ये संपली, पंचवार्षिक योजनांची पद्धतच मोडीत निघाली आणि या कामामागचा पैशाचा नेमका झरा आटला. अपेक्षा मात्र राहिली, कारण ती कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत आहे. विद्यार्थ्यांची शिकण्याची पातळी तपासून ‘ॲडव्हान्स्ड लर्नर’ आणि ‘स्लो लर्नर’ यांच्यासाठी संस्था कोणते खास कार्यक्रम घेते, असा प्रश्न नॅकच्या दुसऱ्या निकषात विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर फाइलने देता येते. बारावीच्या टक्केवारीवरून यादी करायची, एक वेळापत्रक टाइप करायचे, हजेरीच्या सह्या घ्यायच्या, दोन फोटो चिकटवायचे. यादीत आलेल्यांतले किती जण पुढच्या परीक्षेत त्या विषयात पास झाले, हे त्या फाइलमध्ये शोधू नये. प्राध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. जे मोजले जाते तेच कुठलीही संस्था करते आणि इथे वर्ग झाल्याचा पुरावा मोजला जातो. दुसरी अडचण त्याहून साधी आहे. हे वर्ग मुख्य तास संपल्यावर असतात आणि गावाकडची एसटी त्याच सुमारास सुटते. ज्याच्यासाठी वर्ग, तोच नेमका स्टँडवर.

माझे म्हणणे असे की कच्च्या तयारीच्या विद्यार्थ्यासाठी मुख्य अभ्यासक्रमाच्या कडेला वेगळा वर्ग उभारणे ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. अंमलबजावणी वाईट झाली म्हणून ती फसली असे नव्हे. ही मदत त्या विषयाच्याच तासात, वेळापत्रकात, पहिल्या सत्रात आणि श्रेयांकासहित द्यावी लागते आणि ती विद्यार्थी निवडून न देता विषय निवडून द्यावी लागते. याला पुरावा आहे. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत असा एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. गणितात कच्चे ठरलेले सुमारे नऊशे विद्यार्थी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एकाला नेहमीचा रेमेडियल बीजगणिताचा वर्ग मिळाला, दुसऱ्याला तोच वर्ग आणि आठवड्याची एक कार्यशाळा. तिसऱ्या गटाला रेमेडियल न देता थेट पदवीच्या पातळीचे संख्याशास्त्र दिले आणि सोबत आठवड्याला दोन तासांची कार्यशाळा. पहिल्या गटात ३९ टक्के पास झाले, दुसऱ्यात ४५ आणि तिसऱ्यात ५६. कठीण विषयात, कच्चे म्हणून बाजूला काढलेली मुले जास्त पास झाली आणि तीन वर्षांनी पदवी मिळवण्यातही तोच गट पुढे राहिला. यात एक मेख आहे, ती लपवू नये : तिसऱ्या गटाचा विषयच बदलला होता, त्यामुळे सगळे श्रेय कार्यशाळेला देता येत नाही. तरीही आधी पाया पक्का करू मग वर चढू, हा क्रम वाटतो तितका शहाणपणाचा नाही, एवढे त्यातून नक्की निघते. पाया पक्का करण्याच्या वर्गात मुले गळतात आणि वर चढायची वेळच येत नाही. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून कम्युनिटी कॉलेजांतली अशा वर्गांत परस्पर ढकलण्याची पद्धत आवरती घेतली, ती याच अनुभवावरून.

विषय निवडून मदत देण्याची रीत त्याहून जुनी आहे. मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डिऑना मार्टिन यांनी १९७३ मध्ये ती सुरू केली. ज्या विषयात नेहमीच बरेच जण नापास होतात तो विषय धरायचा, त्यात आदल्या वर्षी चांगला पास झालेला विद्यार्थी त्याच वर्गात पुन्हा बसवायचा आणि त्याने आठवड्यातून काही तास सगळ्यांसाठी खुले सत्र घ्यायचे. यादी नाही, शिक्का नाही. पहिला येणाराही तिथे येऊन बसतो. बर्कलेत गणितज्ञ युरी ट्राइसमन यांनी सत्तरच्या दशकात पाहिले की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी आळशी नव्हते, घरून पाठिंबा नसलेलेही नव्हते. ते एकेकटे अभ्यास करत होते. चांगले गुण मिळवणारे चिनी विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत होते. ट्राइसमन यांनी मग रेमेडियल वर्ग काढला नाही. जास्त अवघड गणितांची, गटात सोडवायची कार्यशाळा काढली आणि निकाल बदलले. नागपुरात हे वाचताना अभ्यासिका डोळ्यांपुढे येतात. नंदनवन, मानेवाडा, सदर, जिथे जावे तिथे अभ्यासिका; महिन्याचे पैसे भरायचे, प्लायवूडच्या खणात बसायचे आणि बोलायचे नाही. पोलीस भरती आणि एमपीएससीच्या पाठांतराला ती व्यवस्था ठीक असेल. पण ज्याला आपण कुठे अडलो हेच कळत नाही, त्याला शांततेचा उपयोग काय? त्याला शेजारी बसून ‘हे कसं आलं?’ विचारणारा हवा असतो.

पहिला आक्षेप दर्जाचा. विद्यापीठ हे विद्यापीठ राहू द्या, त्याची आठवी करू नका, असे म्हणणारे ज्येष्ठ प्राध्यापक नागपुरात पुष्कळ भेटतील आणि त्यांची कळकळ खोटी नसते. पण या देशात दर्जाच्या सर्वांत वरच्या पायरीवर काय चालते ते पाहू. आयआयटीत राखीव जागा रिकाम्या राहिल्या, तर शिथिल पात्रतेपेक्षाही कमी गुण असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग उमेदवारांना एक वर्षाचा प्रिपरेटरी कोर्स देतात. तो पार केला की बी.टेक.चा प्रवेश पक्का. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीला महिन्याभराचा फाउंडेशन कोर्स आला. त्यात भाषा, संगणक आणि अभ्यास कसा करायचा यांचे धडे होते. म्हणजे नीटमध्ये लाखोंना मागे टाकून नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात आलेल्या मुलाला अभ्यास कसा करायचा हे शिकवणे देशाला गरजेचे वाटते. अभियांत्रिकीला तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम. बी.ए.ला आलेल्या उमरेडच्या मुलीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका २०१९ पासून आहे, तिचे स्वरूप बहुतेक ठिकाणी स्वागत समारंभ आणि प्राचार्यांचे भाषण. मदत दिल्याने दर्जा घसरत असता, तर तो आधी आयआयटीत घसरायला हवा होता. दर्जा खरोखर कशाने घसरतो? पास होण्यापुरते ‘अपेक्षित’ प्रश्न विचारण्याने, गाइडमधली दहा उत्तरे पाठ करून पदवी हाती पडण्याने. ही सोय आपण आधीच करून ठेवली आहे.

नागपूरला या प्रश्नाची जाण नव्हती असे मुळीच नाही, उलट ती फार लवकर आली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास मराठी आणि हिंदी माध्यमातून पदवीचे शिक्षण देण्याचा निर्णय घेणाऱ्या देशातल्या पहिल्या विद्यापीठांत नागपूर होते. पुढे केंद्राने प्रादेशिक भाषांत विद्यापीठीय पुस्तके काढण्यासाठी राज्यांना निधी दिला, तेव्हा महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभे राहिले तेही नागपुरातच. सत्तरच्या दशकात मंडळाने काढलेली विज्ञानाची, इतिहासाची, अर्थशास्त्राची मराठी पुस्तके जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत अजून सापडतात. ती बरीचशी जड आहेत, पारिभाषिक शब्दांनी अडखळवणारी आहेत, पण ती लिहिणाऱ्यांनी विद्यार्थ्याला विषय समजावा अशी इच्छा धरली होती. नंतर ते काम मागे पडले आणि ती जागा सीताबर्डीच्या दुकानांतल्या गाइडांनी आणि कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सने घेतली. विज्ञान शाखेत तर मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला अकरावीतच इंग्रजीत उडी घ्यावी लागते. ज्यांच्या घरी पैसा आहे ते कोचिंग क्लासकडे जातात आणि ज्युनिअर कॉलेज हजेरीपुरते उरते. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी त्याच हजेरीपुरत्या कॉलेजात शिकवायलाही फारसे कुणी उरत नाही. असे दोन प्रकारचे विद्यार्थी बी.एस्सी.च्या एका बाकावर बसतात आणि आपण त्यांना एकच वर्ग समजतो.

कुणी म्हणेल की आता पुस्तकांची चिंता कशाला, सगळे फोनवर आहे. ‘स्वयम्’ २०१७ पासून आहे, एनपीटीईएल त्याच्याही आधीपासून, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, कॉलेजांसाठी एन-लिस्ट आहे. यूट्यूबवर मराठीत टायट्रेशन दाखवणारेही कमी नाहीत. साहित्याची चणचण पूर्वीइतकी नाही, हे खरेच. मात्र ही सगळी सामग्री ज्याला आपल्याला काय येत नाही ते नेमके ठाऊक आहे, त्याच्या कामाची. १.५७५ चुकला तो विद्यार्थी ‘ऑक्झॅलिक ॲसिड’ शोधतो, ‘प्रमाण’ शोधत नाही. त्याला पहिल्या पंधरवड्यात दहा प्रश्नांचा एक कागद सोडवायला देऊन ‘तुझे रसायन ठीक आहे, दशांश चिन्ह सरकते आहे’ असे सांगणारे माणूस लागते. तो कागद तयार करायला खर्च येत नाही. बारावीच्या टक्केवारीवरून याद्या करण्यापेक्षा त्या कागदाने जास्त कळेल, कारण ६५ टक्केवाल्यालाही लॉग येत नसतो आणि ४८ टक्केवालीला तो येत असतो.

हे शाळेचे पाप आहे, कॉलेजने का निस्तरावे, असे विचारणाऱ्याला एवढेच म्हणता येईल की शाळा सुधारावी हे बरोबर, पण या वर्षी प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा सातवीत पाठवता येणार नाही आणि त्यांची फी आपण घेतली आहे.

खरी अडचण वेळ आणि पैसा यांची, आणि हे बाबासाहेब आंबेडकरांनी पहिल्याच कॉलेजात ओळखले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत १९४६ मध्ये निघाले ते सकाळचे, दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून. विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो याचा विचार वेळापत्रकाच्या आधी केला गेला. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय १९५० चे, नागपूरच्या दीक्षाभूमीवरचे डॉ. आंबेडकर महाविद्यालय १९६४ चे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेज काढायचे म्हणजे काय, याचा अनुभव महाराष्ट्राला परदेशातून आणायचा नाही. तरी आज ग्रामीण मुलीला एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच मिळतो. कॉलेजचे अंतर बहुधा शाळेपेक्षा जास्त असते आणि पासाला पैसे नेमके तिथूनच लागू लागतात. न्यूयॉर्कच्या त्याच विद्यापीठाने २००७ मध्ये एक योजना आखली : पूर्ण वेळ शिकायचे, ठरलेल्या सल्लागाराला नियमित भेटायचे, शिकवणी घ्यायची आणि बदल्यात मेट्रोचा पास आणि पुस्तकांचे पैसे. काटेकोर तुलनेत तीन वर्षांत पदवी घेणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. ओहायोत तीच योजना राबवली, तिथेही प्रमाण १९ वरून ३५ झाले. न्यूयॉर्कमध्ये दर विद्यार्थ्यामागे खर्च साधारण ६० टक्क्यांनी वाढला, पण पास होणारे इतके वाढले की एका पदवीमागचा खर्च उलट कमी झाला. आपल्याकडे नापास विद्यार्थ्यावर झालेला खर्च कुठल्याच खात्यात दिसत नाही, म्हणून तो नाही असे आपण धरून चालतो.

पैसा अगदीच नाही असेही नाही. बार्टी, सारथी आणि नागपुरात मुख्यालय असलेली महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणावर खर्च करतात; महाज्योती जेईई-नीटच्या तयारीसाठी टॅब आणि इंटरनेट देते. ते बंद करावे असे मला वाटत नाही. पण त्यात फायदा कुणाचा होतो तेही बघावे : जो प्रवेश परीक्षेच्या शर्यतीत आहे, किंवा पदवी हातात घेऊन यूपीएससीकडे निघाला आहे, त्याचा. मधली तीन वर्षे, जिथे मुले गप्पपणे गळतात, तिथे कुणाची योजना नाही. कॉलेजांत कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक. त्यांना मानधन मंजूर तासांपुरतेच. रेमेडियलचा तास मंजूर कार्यभारात नसतो, म्हणजे तो फुकट घ्यायचा किंवा कागदावर घ्यायचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची नवी रचना संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली, तिने निदान जागा करून दिली आहे. ‘ॲबिलिटी एन्हान्समेंट’ आणि ‘स्किल एन्हान्समेंट’ अशा खणांत दोन-दोन श्रेयांक आहेत आणि दोन श्रेयांक म्हणजे तीस तास. त्यांत भलतेसलते विषय घुसडण्याऐवजी रसायनशास्त्रवाल्यांसाठी त्याच विषयातले गणित आणि प्रश्नपत्रिकेचे इंग्रजी, इतिहासवाल्यांसाठी संदर्भ वाचून टिपण काढणे असे ठेवता येईल. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी मनावर घेतले तर याला मुंबईच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये.

आणि उरला तो खुले सत्र घेणारा आदल्या वर्षीचा विद्यार्थी. ऐंशी जणांच्या वर्गाचे वीस-वीसचे चार गट, प्रत्येकाला आठवड्याला दोन तास, बारा आठवडे : एका विषयाचे एका सत्रात ९६ तास. ‘कमवा व शिका’ योजनेत आज मुले झाडांना पाणी घालतात, ग्रंथालयातली पुस्तके लावतात. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ती रुजवली तेव्हा श्रमाची लाज जावी हा हेतू होता, आणि दुसऱ्याला त्रैराशिक समजावणे हेही श्रमच आहेत. हे ९६ तास त्या योजनेत बसवायला नवा विभाग लागत नाही, नवी इमारत लागत नाही. लागते ती योजनेच्या कामांच्या यादीत एक ओळ आणि दर सत्राअखेरीस कॉलेजनिहाय, विषयनिहाय पहिल्या सत्राचा निकाल जाहीर करण्याची विद्यापीठाची तयारी. निकाल विद्यापीठाच्या संगणकात असतोच. तो आज बाहेर येत नाही.